मिस्त्री बोलावायचा नाही

घरातलं एखादं काम स्वतः करून पाहा. काम संपलं की दोन-तीन स्क्रू उरतातच! ते कुठून निघाले आणि कुठे बसायचे होते, हे कुणालाच सांगता येत नाही. वस्तू तर वरून ठीक दिसत असते. मग आपण ते स्क्रू एका डब्यात टाकून देतो. आमच्या स्टाफरूमचे किस्से असेच साठत गेले. दारव्ह्याच्या आमच्या शाळेत ज्या मंडळींनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून हातात पेचकस घेतला, त्यांनी दुरुस्त केलेल्या बहुतेक वस्तू भंगारात गेल्या. किस्से मात्र शाबूत आहेत.

मुख्य आरोपी गावंडे सर. ते विज्ञान शिकवतात आणि आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, माझे भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत. दुसरे राठोड सर, भूगोलाचे. तिसरा मी, मराठीचा, म्हणजे शिडी धरायला ठेवतात तो.

झालं असं की गावंडे सरांनी एकदा परिपाठात श्रमप्रतिष्ठेवर भाषण ठोकलं. ज्याला स्वतःच्या घरात खिळा ठोकता येत नाही त्याचं शिक्षण वाया गेलं, असं म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी सरांच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. आता एवढं बोलून बसल्यावर मिस्त्रीला कोणत्या तोंडानं बोलावणार?

त्यावर सरांनी स्टाफरूममध्ये नियमच करून टाकला. कुणीही मिस्त्री बोलावायचा नाही, सगळं स्वतः शिकायचं. जो बोलावेल त्याने सगळ्या स्टाफला शेतात रोडग्यांची पार्टी द्यायची. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार आणि झणझणीत वांग्याची भाजी! नियम एकमताने मंजूर झाला, कारण रोडगे सगळ्यांनाच खायचे होते आणि द्यायचे कुणालाच नव्हते.

राठोड सरांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना खरंच शिकायचं होतं. त्यांची आई, म्हणजे याडी, तांड्यावर एकटी राहायची. मागच्या पावसाळ्यात ती ओट्यावरून घसरली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून सरांच्या जिवाला घोर लागला होता. दारव्ह्याच्या घरात तिच्यासाठी खोली तयार होती, सुनेने पलंगसुद्धा घेऊन ठेवला होता. पण याडीची एकच अट होती.

"पयले हे घर नीट करून दे, मंग कुलूप लावून येईन. पडकं घर टाकून आली तं तांडा काय म्हनन? पोराले नोकरी लागली अन् त्यानं मायचं घर पडू देल्लं, असंच म्हनन ना."

एवढ्याशा कामासाठी तांड्यावर यायला मिस्त्री तयार होत नव्हते. गावंडे सर म्हणाले, काळजी करू नका, आपण आहोत. आधी आपापल्या घरी हात बसवू आणि मग तांड्यावर जाऊ. राठोड सरांनी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. बिचारे!

* * *

हात बसवायची सुरुवात गावंडे सरांच्या स्वयंपाकघरातल्या फळीपासून झाली. सरांनी नवीन ड्रिल मशीन आणलं होतं. ते हातात आल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते पगारवाढीनेही येत नाही.

रविवारची सकाळ होती. पलीकडे घरघर सुरू झाली. इकडे माझी बायको भाकरी थापत होती. आधी परातीत चिमूटभर सिमेंट पडलं. मग भिंतीला एक फोड आला आणि त्यातून ड्रिलचं गरगर फिरणारं टोक आमच्या स्वयंपाकघरात डोकावलं. बायकोने शांतपणे गॅस बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं की सर, तुमचं मशीन इकडे आलं आहे.

घरघर थांबली. मग पलीकडून प्रश्न आला, "कुठसा निघाला वहिनी?"

"फोडनीच्या डब्याच्या बरोब्बर वर."

"अस्सं? म्हन्जे लेव्हल बरोबर हाये."

सरांनी त्याच भोकातून आरपार बोल्ट घातला आणि फळी बसवली. आमच्या बाजूला बोल्टाचं टोक बोटभर बाहेर राहिलं. बायकोने त्याला चहाची गाळणी अडकवली. सरांची फळी पुढे मसाल्याच्या बरण्यांसकट खाली आली, पण गाळणीला काही झालं नाही.

* * *

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही, त्याला कूलर हे काय दैवत आहे ते कळणार नाही. एप्रिल लागला की घरोघरी कूलर खाली उतरतात, टाक्या घासल्या जातात, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नवीन बसवल्या जातात. गावंडे सरांच्या कूलरची मोटर जळाली होती. नवीन मोटर आणून त्यांनी स्वतः जोडली. व्हिडिओत वायर लाल, काळी आणि निळी होती. हातातल्या मोटरीच्या वायर वेगळ्याच रंगांच्या निघाल्या. सर म्हणाले, रंग महत्त्वाचा नाही, तत्त्व महत्त्वाचं.

तत्त्वाप्रमाणे पंखा उलटा फिरायला लागला. सगळी थंड हवा घरात यायची सोडून ताट्यांमधून बाहेर गल्लीत! घरात वहिनी पदराने वारा घेत बसलेल्या आणि गल्लीत महाबळेश्वर. दुपारपर्यंत भाजीवाल्याने आपला हातठेला बरोबर कूलरसमोर लावला. पाण्याचे तुषार उडत होते, त्याची पालक-मेथी टवटवीत झाली. पलीकडच्या घरची गायसुद्धा येऊन बसली.

मी सरांना म्हटलं की हे उलटं झालं आहे. सरांनी मला समजावून सांगितलं की आधी घरातली गरम हवा बाहेर काढावी लागते. मी मराठीचा माणूस, मान डोलावली. तेवढ्यात भाजीवाल्याने खिडकीतून आत डोकावून अदबीने विचारलं, "सर, जरासा फास्ट करता काय?"

* * *

एवढा अनुभव गाठीशी आल्यावर आम्ही तांड्यावर जायला लायक झालो, असं गावंडे सरांनी जाहीर केलं. एका रविवारी आम्ही तिघे जीपमध्ये कोंबून बसलो. मांडीवर हत्यारांची पिशवी होती.

याडीचं घर म्हणजे विटांच्या दोन खोल्या, वर टिनं, समोर ओटा. याडी अंगाने काटकुळी, पण जिभेला धार. तिने आम्हाला चहा दिला आणि तांडाभर निरोप पाठवला की मास्तर लोक काम करायला आले आहेत. बायका-माणसं बाजा घेऊन आली आणि अंगणात बैठक मारून बसली. आमच्या वर्गात एवढ्या शांतपणे कुणी बसलेलं मला आठवत नाही.

टिन एका जागी गळत होतं; याडीने खाली गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवलं होतं. गावंडे सर वर चढले. राठोड सर डांबराची पट्टी घेऊन त्यांच्यामागे. मी शिडी धरली. सरांनी भोकावर पट्टी चिकटवली, वरून पाय देऊन दाबली, आजूबाजूला चालून बाकीच्या टिनांचीही पाहणी केली. सरांचं वजन पाहता ही पाहणी टिनांना मानवली नसावी. मग तपासणीसाठी बादलीभर पाणी ओतलं.

याडी आत बाजेवर बसून वर पाहत होती. पहिल्या बादलीला तिने बाज उजवीकडे सरकवली. दुसऱ्या बादलीला डावीकडे. तिसऱ्या बादलीला ती बाज घेऊन अंगणात आली आणि राठोड सरांना म्हणाली, "पयले एकाच जागी गळत होतं रे. खाली गंज ठेवता येत होता."

अंगणातले लोक इतके हसले की एका म्हाताऱ्याला ठसका लागला. राठोड सर हसले नाहीत. पाऊस तोंडावर आला होता. परतताना जीपमध्ये ते आभाळाकडे बघत बसले होते. मला वाईट वाटलं. गावंडे सर मात्र पट्टीची क्वालिटी पूर्वीसारखी राहिली नाही, असं सांगत होते.

* * *

टिनांचं काम पुढच्या दोन फेऱ्यांत कसंबसं आटोक्यात आलं. मग दाराची पाळी आली. दार खाली घासायचं आणि कडी लागायची नाही. एकट्या बाईच्या घराची कडी लागली पाहिजे, हे राठोड सरांचं म्हणणं अगदी रास्त होतं.

गावंडे सरांनी दार तासलं आणि आतून नवीन कडी बसवली. काम खरंच सुबक दिसत होतं. सर म्हणाले, चला, ट्रायल घेऊ. आम्ही तिघे आत गेलो, दार लावलं, कडी घातली. कडी अशी बसली, अशी बसली की पुन्हा निघेचना! ओढली, ठोकली, तेल सोडलं. पेचकस बाहेर ओट्यावर राहिला होता.

गावंडे सरांनी खिडकीतून याडीला हाक मारली. याडी आली, गजांतून आत पाहिलं आणि तशीच माघारी गेली. परत आली ती आख्खा तांडा घेऊन! मग तिने खिडकीपाशी बाज टाकली आणि निवांत चौकशी सुरू केली. गाव कोणतं, लेकरं किती, पोरी दिल्या का. शेवटी गावंडे सरांना तिने विचारलं की तुम्ही शाळेत काय शिकवता.

"विज्ञान," सर म्हणाले.

"बरं," याडी म्हणाली आणि गजांमधून भाकरी आणि ठेचा आत दिला.

जेवण झाल्यावर तिने विळ्याचं टोक दाराच्या फटीत घातलं, काय केलं देव जाणे, कडी खट्कन पडली. राठोड सर तिला तिथल्या तिथे म्हणाले की दार ठीक झालं, टिनं झाली, आता चल. ती म्हणाली, येईन की, पण चुलीवरची फळी हलून राहिली आहे. तेवढी फळी करून दे.

* * *

मध्ये गावंडे सरांच्या घरी पाहुणे आले. वहिनींचे नेरकडचे मावसभाऊ, अशी ओळख करून दिली. मी सहज डोकावलो होतो. पाहुण्यांच्या नखांत सिमेंट होतं आणि सोफ्यावर बसल्या बसल्या ते बोटाने भिंत वाजवून पाहत होते. मला शंका आली, पण चहा आला होता म्हणून मी बसलो.

सरांनी त्या महिन्यात बाथरूमच्या फरशा स्वतः बसवल्या होत्या. पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी बैठकीत यायचं. सर सकाळी आंघोळ करून निघाले की वहिनी वायपर घेऊन दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी लोटत जायच्या. पाहुणे हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले ते कपाळाला हात लावून.

"भाऊजी, सारा ढाळ उलटा काढून ठेवला. कोन्या गाढवानं केलं हे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे. मग कपातल्या चहाकडे.

"होता एक," सर म्हणाले. "त्याले हाकलून देल्लं."

बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या आत स्टाफरूमभर झाली. सर म्हणाले की पाहुणा मिस्त्री असणं आणि मिस्त्री बोलावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा मुद्दा त्यांनी इतका ताणून धरला की रोडगे शेवटी मिळालेच नाहीत.

* * *

तांड्यावरचं काम मात्र संपायचं नाव घेईना. आम्ही फळी बसवून यायचो, शुक्रवारी याडीचा फोन यायचा की फळी कलली. फळी नीट केली की पुढच्या शुक्रवारी कडी पडली. कडी लावली की पुन्हा टिन गळायला लागलं. जे केलं ते आठवडाभर टिकायचं नाही. स्टाफरूममध्ये आम्हाला कुणी तोंड वर काढू देईना. मुख्याध्यापक तर एकदा म्हणाले की तुम्ही तिघांनी विद्यार्थ्यांना शिकवलेलंही एवढंच टिकतं का, हे तपासायला हवं.

आमचे रविवार मात्र मजेत चालले होते, हे नाकारून चालणार नाही. याडीच्या हातचं खायचं, अंगणातल्या लोकांची बोलणी ऐकायची, गावंडे सरांनी हातोडीने बोट ठेचून घ्यायचं आणि याडीने त्यावर हळद लावून दोन शेलके शब्द ऐकवायचे. सर त्याला लर्निंग बाय डुइंग म्हणायचे.

पण राठोड सर वाळत चालले होते. पाऊस सुरू झाला होता. ओला ओटा, एकटी म्हातारी, यात त्यांची झोप उडाली होती. फोन वाजला की ते तास सोडून बाहेर धावायचे. एकदा मधल्या सुट्टीत गावंडे सर त्यांना समजावत होते की चुकांमधूनच माणूस शिकतो, अजून दोन-चार रविवार द्या. राठोड सर आजवर कधी कुणावर चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी डबा बंद केला आणि उभे राहिले.

"सर, तुमचं शिकनं होऊन राह्यलं, पन माह्या मायचं मरन होईन. मी मिस्त्री लावून राह्यलो. रोडगे पाहिजेत तं रोडगे खा."

खाली मान घालून सगळे आपापला डबा खात राहिले. रोडग्यांचा विषयसुद्धा कुणी काढला नाही, इतकी लाज आम्हाला प्रथमच वाटली.

* * *

राठोड सरांनी पुसदचा मिस्त्री गाठला, त्याच्या हातापाया पडून त्याला तांड्यावर नेलं. त्याने टिनांचे सगळे बोल्ट बदलले, दाराची चौकट नव्याने बसवली, फळीला लोखंडी अँगल ठोकले, ओट्यावर खडबडीत फरशी घातली. अंगणात कुणी बसायला आलं नाही, कारण पाहण्यासारखं काहीच घडत नव्हतं. गावंडे सर तेवढे त्याच्या मागे मागे फिरून व्हिडिओत वेगळं दाखवतात असं सांगत होते. मिस्त्रीने त्यांना शिडी धरायला लावली.

त्यानंतरच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. चांगला धो धो पाऊस होऊन गेला, तरी नाही. राठोड सरच रोज फोन करायचे. काही मोडलं का, म्हणून विचारायचे. याडी म्हणायची, नाही. आणि मग दोघंही गप्प व्हायचे, असं ते सांगत.

शेवटी सरांनी गाडी ठरवली. सामान उचलायला म्हणून आम्हा दोघांना बरोबर घेतलं. घरातून निघतानाच त्यांनी बायकोला पलंगावर नवीन चादर घालायला सांगितली होती. वाटेत ते इतके खुशीत होते की कधी नव्हे ते गुणगुणत होते. माणसाला एवढं हलकं झालेलं पाहून मलाही बरं वाटलं.

याडी ओट्यावर बसली होती. गाठोडं बांधलेलं नव्हतं. चूल पेटलेली होती.

राठोड सर म्हणाले, "याडी, चाल. आता तं सारं नीट झालं ना?"

याडी उठली. तिने आमच्यासमोर कडी घातली, काढली, पुन्हा घातली. दोन्ही हातांनी दार गदागदा हलवलं. आत जाऊन फळीला लोंबकळल्यासारखं करून पाहिलं. काठीने टिन खालून ठोकलं. बाहेर येऊन पुन्हा ओट्यावर बसली. चेहरा असा पडलेला की घरात काहीतरी चोरीला गेलं असावं.

"कुठून आनला होता रे थो मिस्त्री?"

"पुसदहून. काहून?"

"पुन्हा आनू नको त्याले," याडी म्हणाली. "त्यानं केल्लं मोडतच नाही."

राठोड सर गाडीचं दार धरून उभेच राहिले. याडीने चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि गावंडे सरांकडे वळून म्हणाली, "मास्तर, येत्या ऐतवारी तुमीच या. तुमचं काम चांगलं हाये."